हाकेला आला तो

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला सांगा. कुत्रं चावतं, ते जातीमुळे, की ज्याच्या दारात वाढलं त्याच्यामुळे? मागच्या रांगेतले काका लगेच म्हणाले, "जातीमुळे." बरं काका, उत्तर धरून ठेवा. परत विचारणार आहे!

रंगनाथ अण्णांची पोल्ट्री होती. जावयानं शहरातून दोन पिल्लं आणली, रॉटवायलर – नाव घेताना तोंडातली सुपारी पडावी अशी जात! एकाच आईची, दोन्ही काळी. एक अण्णांनी ठेवलं, शेरा. दुसरं शाळेत खिचडी शिजवणाऱ्या चंद्रभागा मावशीला दिलं. तिनं नाव ठेवलं बाळ्या.

अण्णांनी शेराला शेडमागच्या अंधाऱ्या खोलीत बांधलं. भाकरीत ठेचा कालवून चारला. का? तर कुत्रं तिखट होतं म्हणे. हसू नका, तुमच्या गावातही चारतात! येता-जाता काठीनं डिवचायचं. तो गुरगुरला की अण्णा खूश – "बघा, जात बोलते."

आणि बाळ्या? खिचडीच्या रांगेत पोरांच्या मागे बसायचा. पहिलीतली पोरं त्याच्या जबड्यात हात घालायची. मावशीनं "बाळ्या, ये रे" म्हटलं की शेपूट हलवत हजर.

एक दिवस शेराची साखळी तुटली. ओढ्याकाठी खेळणाऱ्या सहा वर्षांच्या मंजिरीचा दंड त्यानं फाडला. पोर वाचली, पण शेरा उसात पळाला. दोन दिवस सापडेना. आणि भ्यालेलं गाव, मंडळी, रिकाम्या हातानं घरी जात नाही.

सगळे शाळेपुढे जमले. सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? अण्णांचा! "आज माझं चावलं, उद्या मावशीचं चावेल. रक्त एकच."

मावशी म्हणाली, "अण्णा, तुमच्या सख्ख्या भावाला गाव देवमाणूस म्हणतं. तुमचंही रक्त एकच की."

लोक हसले. क्षणभरच. मग मंजिरीची आई पुढे आली आणि तिनं नुसते हात जोडले. 

"मारणार नाही," अण्णा म्हणाले. "लांब रानात सोडू. पण तो तुझ्याच हाकेला येतो. हाक मार."

मृदंगवाले काका, इथे थाप नको.

मावशीनं हाक मारली, "बाळ्या, ये रे."

तो वर्गाच्या ओट्यावरून उठला. आला. एवढ्या काठ्या बघूनही थांबला नाही. काठी कशासाठी असते, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. रानापर्यंत न्यायची वेळच आली नाही.

चार दिवसांनी शेरा उपाशी पोटी अण्णांच्या दारात परतला. अण्णांनी आणखी जाड साखळी आणली. मावशी अजून खिचडी शिजवते. पण जेवायला पोरांना हाक मारत नाही. घंटा वाजवते.

मागच्या रांगेतले काका, आता सांगा. किंवा मला नकाच सांगू. घरी जा. तुमच्या दारात कुत्रं असेल, नाहीतर पोर असेल – आजवर त्याला काय चारलंत ते आठवा. आणि ते तुमच्या हाकेला धावत आलं, तर आधी स्वतःच्या हातात काय आहे ते बघा.