गंप्याचा बेडूक कावून झाला

(अमरावती. एका वाचनालयाच्या सभागृहामागची खोली. सभागृहात ‘गाविलगडची मंत्रशाळा’ या बालकादंबरीवर वाचकांची चर्चा सुरू व्हायची आहे. खोलीत लेखिका माधवी, अकोल्याकडच्या एका गावाचे माजी सरपंच पुंजाराम आणि त्यांची सहावीतली नात दामिनी.)

पुंजाराम : ...म्हनून मी छातीवर हात ठेवून सांगून राहिलो बाई, जे मोगलाले जमलं नाई, निजामाले जमलं नाई, इंग्रजाले जमलं नाई, ते तुमच्या या एका पुस्तकानं केलं! वऱ्हाडाच्या सात पिढ्या बुडवल्या!

माधवी : काका, पुस्तक गेल्या दिवाळीत आलंय.

पुंजाराम : मंग येनाऱ्या सात.

माधवी : बरं. आपण वाचलंय का ते?

पुंजाराम : मी? मी कायले वाचतो? माह्या घरात जिनं वाचलं तिचे हाल पाहून राहिलो न मी.

माधवी : हाल म्हणजे? काय झालं हिला?

पुंजाराम : दामिनी, बोल. बोलून दाखव मॅडमले.

दामिनी : नमस्कार मॅडम. आपणांस भेटून आनंद झाला.

पुंजाराम : पाहा! ऐकलं?

माधवी : छान बोलली की.

पुंजाराम : छान? बाई, हे पोट्टी बोलाले शिकली ते बैलाले शिव्या देऊन. सकाळी उठली का पहिला शब्द, ‘आबाजी, मले च्या दे न गा.’ आता सुटीत घरी आली, तं काय म्हनते? ‘आजोबा, मला चहा मिळेल का?’ मिळेल का! मीनं बायकोकडे पाह्यलं, बायकोनं माह्याकडे पाह्यलं. आमाले वाटलं, मांगं कोनी पाहुना उभा हाय.

माधवी : पण यात वाईट काय—

पुंजाराम : थांबा, पुढचं ऐका. जेवताना इनं ‘कृपया’ म्हनलं. भाजी मांगताना! बायकोच्या हातची पळीच पडली. आमच्या गावात ‘कृपया’ हे फक्त पंचायतीच्या भितीवर होतं, ‘कृपया येथे थुंकू नये’. अन् तेथंबी कोनी ऐकलं नाई.

माधवी : म्हणजे आपली तक्रार अशी की मुलगी नम्र झाली.

पुंजाराम : तक्रार अशी का पोट्टीवर करनी झाली. तुमच्या पुस्तकात मंत्र हायेत का नाई?

माधवी : आहेत. पण ते मी स्वयंपाकघरात बसून रचलेत, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

पुंजाराम : रचले, हे कबूल करून राहिले न? बस. मी ठान्यात गेलतो. म्हनलं, जादूटोन्याचा कायदा हाय, गुन्हा लिहून घ्या. फौजदार भला मानूस, सारं ऐकून घेतलं त्यानं. मंग म्हने, सरपंचसाहेब, पोरगी शुद्ध बोलून राहिली ही तक्रार कोन्या कलमात बसत नाई. अशुद्ध बोलली असती तं पाह्यलं असतं.

माधवी : मग आता माझ्याकडून आपल्याला काय हवंय?

पुंजाराम : तुमच्याकडून काई नाई. बाहेर इतकी पब्लिक बसली. चर्चा सुरू झाली का मी उभा राहीन, माईक घेईन, अन् सांगीन का हे पुस्तक वाचनालयातून काढा. तुमाले आंधीच सांगून ठेवलं. मांगून वार कराची आपली पद्धत नाई.

दामिनी : आजोबा, कृपया असे करू नका.

पुंजाराम : पाहा, पुन्हा निंगालं!

माधवी : दामिनी, इकडे ये. तुला पुस्तक आवडलं का? खरं सांग.

दामिनी : खूप आवडले. मी ते पुन्हा पुन्हा वाचते. चांदण्याच्या छडीचा भाग मला पाठ आहे. आजीलाही सगळे वाचून दाखवले.

माधवी : आजींना कसं वाटलं?

पुंजाराम : ते म्हने, इतके लेकरं गडावर नेऊन ठेवले, त्याईच्या भाकरी कोन थापते हे कोठंच लिहिलं नाई. छडी फिरवून कंदील लावते म्हने, पन सारं पुस्तक सरलं, एकानंबी भांडं घासलं नाई.

माधवी : हा अभिप्राय मला अजून कुणी दिला नव्हता. वाचनालयाच्या अध्यक्षांनी लिहून दिलंय, ‘बालमनावर उत्तम संस्कार करणारी साहित्यकृती.’

पुंजाराम : त्याईनं वाचलं?

माधवी : मुखपृष्ठ आवडलं म्हणाले. पण मुलांचं विचाराल तर सगळ्यांना गंप्या आवडतो. पुण्याहून, नाशिकहून फोन येतात, गंप्याचं अजून लिहा म्हणून. आज मी तोच भाग वाचून दाखवणार आहे.

दामिनी : बेडकाचा?

माधवी : हो, बेडकाचा.

पुंजाराम : कोन गंप्या?

दामिनी : मंत्रशाळेतला मुलगा आहे, आजोबा. अकोल्याकडचा. सगळे नवे विद्यार्थी गडाच्या मोठ्या दारापुढे उभे राहतात आणि एकेकाने मंत्र म्हणायचा असतो, ‘दाराला सांगतो, उघड.’ ज्याचा मंत्र शुद्ध, त्याला दार उघडते. गंप्याची पाळी येते तेव्हा तो म्हणतो, ‘दाराले सांगतो, उघड.’

पुंजाराम : मंग?

दामिनी : मंत्र उलटतो. गंप्याचा बेडूक होतो. सगळी मंत्रशाळा पोट धरून हसते.

पुंजाराम : ‘दाराले’ म्हनलं म्हनून?

दामिनी : हो.

पुंजाराम : एका ‘ले’साठी अख्खा पोरगा बेडूक केला?

माधवी : काका, तो विनोद आहे. निरागस विनोद. एका समीक्षकांनी तर लिहिलंय, ‘ग्रामीण बोलीची खुमासदार पखरण.’

पुंजाराम : पखरन म्हंजे?

माधवी : म्हणजे... वरून थोडं शिंपडणं.

पुंजाराम : हं. कोथिंबिरीवानी. हे बरं हाय, आमाले शिंपडलं अन् तुमी जेवले.

माधवी : दामिनी, बाळा, गंप्यासारखं होऊ नये म्हणून तू असं बोलतेस का? अगं, ती गोष्ट आहे. खरंच कुणी बेडूक होत नसतं.

दामिनी : होतात, मॅडम. मी झाले.

माधवी : म्हणजे?

दामिनी : जूनपासून मी इथे अमरावतीच्या शाळेत आहे. मावशीकडे राहते. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारले, वही कुणाला मिळाली नाही? मी उभी राहिले आणि म्हणाले, ‘मले नाई भेटली.’ मागच्या बाकावरून कुणीतरी ‘डराँव’ केले. मग सगळ्यांनी केले. माझ्या वर्गात सगळ्यांनी तुमचे पुस्तक वाचलेले आहे.

माधवी : आणि मग?

दामिनी : मग मला कुणी दामिनी म्हणत नाही.

पुंजाराम : अमरावतीचे पोट्टे? त्याईचे मायबाप तं भाजीबाजारात आपल्यावानीच बोलते!

दामिनी : घरी तेही बोलतात. वर्गात बोलत नाहीत.

पुंजाराम : हे मले कावून नाई सांगतलं तू?

दामिनी : सांगितले असते तर तुम्ही शाळेत आला असतात.

पुंजाराम : आलोच असतो! हेडमास्तरच्या टेबलावर हात मारून—

दामिनी : तेच.

पुंजाराम : तेच म्हंजे काय?

दामिनी : तुम्ही बोलला असतात.

पुंजाराम : बोलाले काय झालं? मी काई मुका हावो?

दामिनी : आजोबा, बाहेर माझा अख्खा वर्ग बसला आहे. बाईंनी आणला आहे. तुम्ही माईक घेतलात तर सगळे ऐकतील. आणि मग तुम्हालाही...

पुंजाराम : मलेबी काय? माह्या बोलन्याची लाज वाटते तुले? वीस वर्सं सरपंच होतो मी. कलेक्टरपुढं याच तोंडानं बोललो. त्यानं खुर्ची देल्ली मले. अन् तू...

माधवी : काका, ती लहान आहे.

पुंजाराम : तुमी बोलू नका बाई. तुमीच लिहिलं. मले वाटत होतं करनी हाय. करनी असती तं बरं होतं, मांत्रिक पाह्यला असता. आता याले कोन उतरवते?

माधवी : एक मिनिट हं. आईचा फोन आहे. उचलला नाही तर ती करतच राहते. — हॅलो. हो माय. खाल्लं व. नाई, उपाशी कायले राहतो मी? सुरू नाई झालं अजून, मांगच्या खोलीत बसून राहिली. हो, संध्याकाळच्या गाडीनं येऊन राहिली न अकोल्याले. मले घ्याले कोनाले पाठवू नको व, ऑटोनं येतो मी. हाय, स्वेटर हाय. ठेव आता, मानसं बसले समोर. — हं, सॉरी. काय म्हणत होता आपण?

पुंजाराम : कोनासंगं बोलले तुमी?

माधवी : आईशी.

पुंजाराम : कोठच्या तुमी?

माधवी : अकोल्याची. डाबकी रोड. कॉलेजपासून पुण्यात आहे.

दामिनी : मॅडम, तुम्ही आत्ता ‘मले’ म्हणालात.

माधवी : म्हणाले असेन. आईशी बोलताना येतं तोंडात.

दामिनी : ‘अकोल्याले’सुद्धा म्हणालात.

माधवी : हो.

दामिनी : मग मंत्र उलटला नाही?

माधवी : नाही... आई म्हणाली, गोळाभात करून ठेवते.

पुंजाराम : मंग बाई, सोताच्या गावचा पोरगा तुमी बेडूक कावून केला?

माधवी : संपादकांना त्या जागी जरा हलकंफुलकं काहीतरी हवं होतं. आणि काका, पुण्याच्या हॉस्टेलवर मी पहिल्यांदा ‘मले’ म्हणाले ना, तेव्हा पूर्ण मजला हसला होता. मला वाटलं, आपणच आधी हसून घेतलं की दुसऱ्यांना हसायला काही उरत नाही.

पुंजाराम : म्हंजे तुमीबी बेडूकच.

माधवी : हो. फक्त मी डराँव करणं सोडलं.

दामिनी : मॅडम, एक विचारू का? पुस्तकातले.

माधवी : विचार.

दामिनी : मंत्र उलटायलाच नको होता.

माधवी : का गं?

दामिनी : ते दार गाविलगडाचे आहे ना? गाविलगड चिखलदऱ्याला आहे. आमची सहल गेली होती. ते दार कितीतरी वर्षे तिथेच उभे आहे. त्याच्यासमोर येणारे-जाणारे सगळे ‘दाराले’च म्हणत असणार. ‘दाराला’ त्याला कोण शिकवणार? म्हणजे गंप्यालाच ते उघडायला हवे होते. आणि बेडूक बाकीच्यांचे व्हायला हवे होते.

पुंजाराम : आता! बोला बाई.

माधवी : हे माझ्या लक्षातच आलं नाही. पुस्तकाला एवढे अभिप्राय आले, कुणीच नाही म्हणालं. संपादकांनी तर ओळ न् ओळ तपासली होती.

पुंजाराम : संपादक कोठचे?

माधवी : पुण्याचे.

पुंजाराम : मंग त्याईले आपलं दार कसं समजन?

दामिनी : मॅडम, पुस्तकाचा दुसरा भाग येणार आहे ना? त्यात गंप्या परत माणूस होतो का?

माधवी : नाही. शेवटपर्यंत बेडूकच. छापायला जायचंय आठवड्याभरात. आता त्याला माणूस करायचा म्हणजे अर्धं पुस्तक हलवावं लागेल.

पुंजाराम : हलवा मंग. पोरगा मोठा का पुस्तक मोठं?

माधवी : काका, तुम्ही सरपंच होतात. मंजूर झालेला रस्ता तुम्ही कधी हलवलात का?

पुंजाराम : हलवला न. पाटलाच्या वावरातून हलवून माह्या घरासमोर आनला. कराची इच्छा पायजे.

माधवी : ऐका, माईकवर माझं नाव घेतायत. जायला हवं. दामिनी, बेडकाचा भाग मी आज वाचत नाही. दुसरं काहीतरी वाचते. छडीचं वाचते.

दामिनी : नाही मॅडम. तोच वाचा.

माधवी : अगं, तुझा वर्ग हसेल.

दामिनी : हसतीलच. हसून झाले की त्यांना विचारा, दार कुठले आहे?

माधवी : आणि कुणालाच सांगता आलं नाही तर?

दामिनी : तर आजोबांना माईक द्या.

पुंजाराम : मले?

दामिनी : तुम्ही सांगा, दार कुठले ते. जसे बोलता तसे.

पुंजाराम : नाई नाई, माह्या घशाले आज जरा... अन् पोट्ट्याइसमोर बोलाची आपल्याले सवय नाई. कलेक्टर असता तं गोष्ट वेगळी होती.

दामिनी : आजोबा.

पुंजाराम : बरं. बोलतो. थोडकं बोलतो. तू हासशीन तं नाई?

दामिनी : मी पुढच्या रांगेत बसते.

माधवी : चला मग. थांब, ते तुझं पुस्तक दे इकडे, घाईघाईत का होईना, काहीतरी लिहून देते. ‘चि. दामिनीस, अनेक शुभाशीर्वाद.’ आणि ही सही. झालं. चल, लोक खोळंबलेत.

दामिनी : मॅडम...

माधवी : आता काय गं?

दामिनी : ते ‘दामिनीस’ खोडा न जरासं. ‘दामिनीले’ लिहा.