केयाच्या खोलीतली मशरूम

शारजातल्या अल मजाजच्या दवाखान्यात रत्नागिरीचा अबरार टोकन घेऊन बसला होता. इथे मराठी कुणाला कळतंय, असं शेजारच्या नवरा-बायकोला वाटलं असावं.

“डॉक्टरांनी सरळ विचारलं सतीश, घरात ओल, बुरशी काही आहे का? तू बेधडक नाही म्हणालास.”

“अगं, बुरशी वेगळी. मी मशरूम वाढवतोय.”

“पोरीच्या खोलीत! पेंढ्याच्या आठ पिशव्या टांगून!”

“बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे, उर्मिला. मशरूमला गारवा लागतो. घरात सगळ्यात थंड एसी तिथलाच.”

“म्हणून केया दोन ब्लँकेटं घेऊन झोपते. तीन आठवडे खोकतेय. मशरूमची ती पांढरी भुकटी तिच्या उशीवरून मी रोज झटकते.”

“हळू बोल. काय सांगणार होतो? बिल्डिंगभर मिरवत वाटलीत ती मशरूम, आणि लेकीच्या उशाशी... लाज वाटली गं.”

अबरारने मान मोबाइलमध्ये आणखी खाली घातली.

वाफ द्यायच्या खोलीतून आठ वर्षांची केया बाहेर आली.

“बाबा, डॉक्टर आस्क्ड मी ऑल्सो. व्हॉट इज इन माय रूम.”

“मग? काय सांगितलंस?”

“नथिंग. यू सेड नथिंग, सो आय ऑल्सो सेड नथिंग.”

सतीश उठला. अबरारने पाय आत घेऊन त्याला वाट दिली. डॉक्टरांकडे दुसरा पेशंट होता, तरी त्याने दार वाजवलं.