दुसऱ्या टोपातला निळा

जानकी : सुगंधा, हो निळो एका टोपातलो न्हय गो.

सुगंधा : हळू बोल. मास्तर आत आसत.

जानकी : तूच माका शिकवलंस, एका गालिच्याची लोकर एकाच टोपात रंगवूची. दुसऱ्या टोपातली शेडात सारखीच दिसता, उन्हात येगळी पडता.

सुगंधा : म्हणान तर घातलंय.

जानकी : थांब. खिडकीतसून ऊन इला म्हणान दिसला. ही अक्षरां मगे? चोर?

सुगंधा : तीनदा आसा. काठाच्या तीन लाटांत.

जानकी : खुळी झालंस? परवा जर्मनीचो साहेब येतलो. तेणी नापास केल्यान तर आठ जणींची पाच म्हयन्यांची मेहनत गेली. माल तळेऱ्याच्या फाट्यापर्यंत जावचो नाय, मुंबईचा बंदर लांबच.

सुगंधा : ही नक्षी म्हणजे माज्या माहेरचा देवबाग, जानके. एका बाजूक खाडी, एका बाजूक दर्या. ह्या भिंतीवर मी कोळशान काढलंय. हरिश्चंद्र मास्तरांनी कागदावर उतरवून घेतला आणि आपली नक्षी म्हणान दिल्लीसून बक्षिसाची शाल घेवन इले. विचारलंय तर म्हणतत, ‘सुगंधाबाई, हात तुमचे, डोकं आपल्या गालिचा केंद्राचं.’

जानकी : पण मिर्झापूरचे उस्ताद आमका शिकवून गेले तेव्हा काय सांगलेले? चुकलेली गाठ उसवूची.

सुगंधा : ही चुकलेली न्हय.

जानकी : आणि साहेबाक मराठी खंय येता?

सुगंधा : मास्तरांक येता.

(चार दिवसांनी. तीच शेड, माग रिकामा.)

हरिश्चंद्र : जानकी, तुम्ही जरा बाहेर थांबा.

सुगंधा : ऱ्हवांदे तिका. गाठी तिच्यापण आसत.

हरिश्चंद्र : साहेबांनी गालिचा अंगणात उलगडायला लावला. त्या... त्या तीन लाटांवरून हात फिरवला. पाण्यावरची सावली म्हणे. असं काम इराणातही पाहिलं नाही म्हणाले.

सुगंधा : तुमी काय म्हणालात?

हरिश्चंद्र : काय म्हणणार? थँक्यू म्हणालो.

जानकी : म्हणजे पास झालो?

हरिश्चंद्र : आणखी बारा हवेत. हाच काठ, हीच सावली. एक गाठ बदलायची नाही, तसं लिहून घेतलंय माझ्याकडून. सुगंधाबाई, मुंबईच्या गोदीत प्रत्येक कारकून मराठी वाचतो हो.

सुगंधा : वाचूंदेत. नाव खंय आसा तेच्यात? ज्याचा तेकाच कळतला.

हरिश्चंद्र : काहीतरी करा.

सुगंधा : करतंय ना. बारा गालिच्यांक गाठीन्‌गाठ दाखवणारो कागदी नकाशो व्हयो. पयलो माज्या डोक्यात होतो. पण डोक्या केंद्राचा ना? मगे केंद्रान काढूंदे.

हरिश्चंद्र : मी काढू तो शब्द? माझ्या हातानं?

सुगंधा : नक्षी तुमचीच मा? दिल्लीक तसाच सांगलात.

हरिश्चंद्र : दिल्लीला पत्र लिहितो. नक्षी तुमची म्हणून कळवतो. मग तरी?

सुगंधा : लिवा. पत्र आधी, नकाशो मगे. दोनय व्हये.

हरिश्चंद्र : प्रौढांच्या वर्गात अक्षरं मीच गिरवून घेतली तुमच्याकडून.

सुगंधा : म्हणान तर इतकी बरी इली. जानके, मास्तरांक खुर्ची दे. भायर, उन्हात.