एकाच बोरचं पाणी

(शेलूबाजारजवळचं शिवार. होळी होऊन गेली आहे. दोन वावरांमधल्या धुऱ्यावर शेजारणी उभ्या आहेत.)

तुळसाबाई : हात नोको लावू मले, जैतुन! परवा हिरवागार होता माहा घेवडा. आता पाह्य, तापलेल्या उलथण्यानं डागल्यावानी पानाच्या कडा जयल्या.

जैतुनबी : या अल्ला! सगळाच?

तुळसाबाई : थेट तिकडच्या धुऱ्यापर्यंत. फुलं गयाली, शेंगा वाकड्या झाल्या. अन् तुले मालूम नोतं म्हणतं?

जैतुनबी : मले कसं मालूम राहीन? मी बहिणीकडे होती, मालेगावले. आजच तर आली.

तुळसाबाई : मंग तुह्या पोराले, वसीमले इचार. परवा पाठीवर पंप घेऊन धुऱ्यानं कोण फिरत होतं?

जैतुनबी : आपल्या मिरचीवर फवारत होता तो! काय म्हणून राह्यली तू?

तुळसाबाई : तणनाशक होतं त्यात. वारं माह्याच वावराकडं होतं. नाईतर हिरवं वावर असं एकाएकी कसं करपते?

जैतुनबी : तुही विहीर आटली तवापासून माह्या बोरचं पाणी देते तुले. ज्या घरानं पाणी देलं, त्याच घरानं जहर मारलं म्हणतं?

तुळसाबाई : मंग दुसरं काय समजू मी?

जैतुनबी : चाल माह्या मिरचीत. ये इकडं. हे पान पाह्य. हे?

तुळसाबाई : अव माय! हेबी कडेकडेनं जयलं!

जैतुनबी : मिरची जरा दमाची, म्हणून कमी जयली. आपल्याच मिरचीवर कोणी तणनाशक मारते?

तुळसाबाई : मंग पाण्यातच काई पडलं असंन.

जैतुनबी : घे, हे बोरचं पाणी चाख.

तुळसाबाई : मचूळ लागते. पण ते तर पहिलेपासूनच मचूळ आहे. पौषात याच पाण्यावर घेवडा असा आलता का तोडता तोडता कंबर मोडली. पाणी तेच, बियाणं तेच, मातीबी तीच!

जैतुनबी : अन् ते लिंबाखालचे वाफे?

तुळसाबाई : ते... ते तर हिरवे आहेत! त्यायलेबी हेच पाणी देलं मी.

जैतुनबी : तुराट्यायच्या कुडाआडची घेवड्याची ओळ पाह्य.

तुळसाबाई : तीबी हिरवी. म्हंजे सावलीतलं वाचलं. जथी वारं लागलं नाई, तथी वाचलं.

जैतुनबी : कसं कोरडं, गरम वारं सुटलं आहे! मालेगावातबी तोंड भाजत होतं. अशा उनात आपला घामाचा पदर वायला का पांढरं मीठ दिसते ना त्याच्यावर? थंडीत दिसते? झाडाचंबी तसंच. भसाभसा पाणी वढते, पाणी उडून जाते, मीठ पानात राह्यते.

तुळसाबाई : थंडीत पचवलं त्यानं... अन् मी, घेवडा सुकून राह्यला म्हणून भर दुपारी तुषार चालू केले! खारं पाणी पानावरच उडवलं. जैतुन, मीच जायलं वो!

जैतुनबी : तुह्या एकटीचं नाई ते, पाणी तर माह्याच बोरचं. तुहा पोरगा पवन कुठं आहे? तो काहून दिसत नाई?

तुळसाबाई : पवन... माय वो! तो बाजारात वसीमच्या दुकानात गेला. मीच म्हटलं, जाय, जाब इचार त्याले.

जैतुनबी : फोन लाव! पहिले फोन लाव!

तुळसाबाई : हॅलो, पवन? ऐक, वसीमले काई बोलू नोको, त्यानं काईच... काय? कोणापुढं? मंग त्यानं काय केलं? तू तथीच थांब. हालू नोको.

जैतुनबी : काय झालं? तुळसाबाई, बोल ना!

तुळसाबाई : थापडा मारल्या. भर बाजारात. वसीमनं हात नाई उचलला म्हणे. शटर वढून आत बसला आहे.

जैतुनबी : माह्या वसीमले? तुह्या पवननं?

तुळसाबाई : मी आताच जाते. ज्यायच्यापुढं मारलं, त्यायच्यापुढंच माफी मांगाले लावते त्याले. मीबी मांगते. तू येतं ना?

जैतुनबी : नाई. त्या गर्दीत पोराचं तोंड मले पाहवणार नाई. तू जाय.

तुळसाबाई : अन् पाणी? आता कोणत्या तोंडानं मांगू तुले?

जैतुनबी : उन्ह उतरल्यावर सोडत जाईन. पानावर नाई, बुडाशी. जे वाचलं ते तरी वाचू दे.

तुळसाबाई : जैतुन...

जैतुनबी : फकस्त पाण्याचा कॉक खोलाले तू येत जाय. पवनले नोको पाठवू.