वाघोलीच्या काकूंचा खोकला

मेडिकलच्या मुलांना हवा आणि आरोग्य मी शिकवते, पण माझी परीक्षा घेतली ती वाघोलीच्या एका काकूंनी. धुळीच्या सर्व्हेला आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"शेजारच्या बिल्डरनं पाठवलं का?"

"नाही हो, कॉलेजातून आलोय."

"मग सही कशावर पायजे?"

"सही नकोच. खोकला कुणाला आहे, तेवढं सांगा."

"मलाच. रोजच असतो, पन आज लईच हाय."

"आजच का?" माझ्या विद्यार्थिनीनं पेन सरसावलं.

काकूंनी बाहेर बोट दाखवलं. "ती बस तुमचीच ना? अर्धा तास झाला, एसीसाठी माझ्या खिडकीखाली धूर सोडतीय."

विद्यार्थिनीनं पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"म्याडमकडं काय बघती?" काकू म्हणाल्या. "लिव!"