दुपारचे झॉम्बी

तुम्ही हसाल, पण शनिवारी माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. गार्गी उद्या तिच्या बाबालाच पाहून किंचाळली तर?

चूक माझीच. नवरा नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात, अकोल्याला येतो आठवड्यातून एकदा. दुपारी घर खायला उठतं, म्हणून मी मोबाइलवर स्वस्तातले झॉम्बीपट लावते. महायुद्धात मेलेले सैनिक उठून चालतात, हेल्मेट प्लास्टिकचं, रक्त बिटाच्या रसाचं. पण घरात कुणीतरी बोलत तर असतं. एम.ए. झालेली बाई मी! आणि चार वर्षांची पोर मांडीवर बसून सगळं बघते.

रविवारी हा, फोनवर म्हणाला होता तसाच, रात्रपाळी संपवून, आंघोळ न करता थेट आला. केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी धूळ. एसटीत पायाला मुंग्या आलेल्या, म्हणून लंगडत, दोन्ही हात पुढे करून दारातून आत. हुबेहूब!

"ये वं माय, ये बाबाजवळ."

गार्गी जागची हलली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, ते मेलेले सैनिक तं रोज येतात. तुमी रविवारीच कावून येता?"