एवढं बरोबर कुणाचंच येत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे संचालक डॉ. पेंग, व्यासपीठावरील परिचर्या विभागाच्या प्रमुख आणि नीतिसमितीचे सन्माननीय सदस्य, समोर बसलेले सहकारी, दाराजवळ उभे असलेले आणि पाच मिनिटांत पुन्हा वॉर्डात पळणारे तरुण डॉक्टर, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या औषध-चाचणी विभागाच्या समन्वयक लान हुइ-चन, म्हणजे आपल्या लानताई,

आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. ती आयोजकांनी नव्हे, लानताईंनी दिली आहेत. काल त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर फान, दहा मिनिटं बोला. मला आई म्हणू नका, माउली म्हणू नका, आणि विभाग म्हणजे एक कुटुंब असं तर अजिबात म्हणू नका. साडेपाचला माझी बस आहे." आता पाच वाजून दोन मिनिटं झाली आहेत. मी घड्याळाकडे बघत बोलेन.

लानताईंची नोकरी अजून पाच वर्षं उरली होती. राजीनाम्याच्या अर्जात कारणासाठी एक रकाना असतो. लोक त्यात प्रकृती लिहितात, घरची जबाबदारी लिहितात. लानताईंनी एकच शब्द लिहिला आहे, 'पुरे'. अध्यक्षमहाराजांनी मला बोलावून विचारलं होतं, या शब्दाचा अर्थ काय. मी तेव्हा म्हणालो, मला माहीत नाही. ते खोटं होतं. आज त्याचा अर्थ सांगायचा आहे.

अकरा वर्षांपूर्वी आपल्याकडे रक्तदाबाच्या एका नव्या औषधाची चाचणी आली. अशा चाचणीत पहिला प्रश्न असतो तो आकड्याचा. तुम्ही किती रुग्ण देणार? मी लानताईंना विचारलं. त्यांनी तीन दिवस जुन्या नोंदी चाळल्या आणि एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. अकरा. मी म्हटलं, "अकराला कोण विचारतो? वीस कळवू." त्या म्हणाल्या, "कळवा. मी अकरा जणांना विचारून बघते, कुणाला जुळं भावंड आहे का."

मी हसलो आणि वीस कळवले. आपल्यापैकी किती जणांनी असे वीस कळवले आहेत? हात वर करू नका. मला समोरून दिसतंच आहे.

माझे वीस भरायचं काम लानताईंचं होतं. त्यांनी स्वतःचा फोन नंबर रुग्णांना दिला. रविवारी स्कूटर काढून गावोगाव गेल्या. मी म्हणायचो, लानताई काहीतरी करतील. हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन, याचा हिशेब नाही. त्या वेळी मला ते कौतुक वाटायचं.

एकोणिसाव्या रुग्ण होत्या वेन आजी. वय चौऱ्याहत्तर. मातोउ गावाच्या बाजूला त्यांची पपनसांची बाग. पहिल्याच दिवशी त्या लानताईंना म्हणाल्या, "अगं पोरी, मी अजून शिडीवर चढून फळं उतरवते. मला कसला आलाय रक्तदाब?" लानताई म्हणाल्या, "आजी, शिडीवर रक्तदाबालाही चढता येतं." आजी इतक्या हसल्या की दाब मोजायला दहा मिनिटं थांबावं लागलं. मी तैपेईचा. त्यांची बोली मला धड येत नाही. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी लानताईंना विचारलं, "हा नेहमी असाच बोलतो का, बदकासारखा?" लानताईंनी त्याचं भाषांतर केलं नाही. पुढे दोन वर्षांनी केलं.

आता एक गोष्ट बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. चाचणीत रुग्णाला दर चार आठवड्यांनी पस्तीस गोळ्यांची बाटली मिळते. रोज एक. पुढच्या खेपेला उरलेल्या गोळ्या परत आणायच्या. समन्वयक त्या ट्रेमध्ये ओततो आणि पट्टीनं पाच-पाच सरकवत मोजतो. सात उरल्या तर बरोबर. वेन आजी पहिल्या खेपेला सोळा घेऊन आल्या. लानताईंनी विचारलं तर म्हणाल्या, विसरले. त्याच दिवशी कंपनीचा तपासनीस बसला होता. त्यानं वहीत लाल शेरा मारला.

मी लानताईंना बाहेर बोलावलं आणि म्हणालो, "तुम्हाला एक म्हातारी सांभाळता येत नाही?"

वेन आजी समोरच्या बाकावर बसल्या होत्या. मला वाटलं, यांना माझी भाषा कळत नाही.

मी गेल्यावर त्यांनी लानताईंना विचारलं, "माझ्यामुळे बोलणी बसली का गं तुला?" लानताई दमलेल्या होत्या. सकाळपासून जेवल्या नव्हत्या. म्हणाल्या, "हो आजी. पुढच्या वेळी जरा मोजणी नीट येऊ द्या, म्हणजे झालं."

हे वाक्य लानताईंनी मला स्वतः सांगितलं. मी ते चोरून ऐकलेलं नाही. त्यांनी नंतर ते लिहूनही दिलं. त्याकडे मी येतो.

पुढच्या खेपेला बरोबर सात गोळ्या परत आल्या. त्याच्या पुढच्या खेपेला सात. तिसऱ्या खेपेलाही सात. शिवाय शरदातल्या पौर्णिमेचा सण होता, म्हणून आजी पपनसांची एक पिशवी टेबलाखाली सरकवून पळाल्या. पळाल्या म्हणजे खरंच पळाल्या. लानताई पिशवी घेऊन जिन्यापर्यंत मागे धावल्या. "आजी, हे आम्हाला चालत नाही." "तुला चालत नसेल तर त्या बदकाला दे."

त्या संध्याकाळी लानताई माझ्या खोलीत आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, वेन आजींच्या गोळ्या पुन्हा बरोबर सात आल्या."

मी म्हटलं, "छान."

"छान नाही. एवढं बरोबर कुणाचंच येत नाही. माणूस एखादी विसरतो, एखादी मोरीत पडते. सलग तीनदा सात येत नाहीत. आणि दाब तर जरासुद्धा उतरलेला नाही. मला एकदा त्यांच्या घरी जाऊन निवांत विचारू द्या. मग ठरवा."

नियमपुस्तिकेत लिहिलं होतं, सगळ्या गोळ्या घेऊनही दाब उतरला नाही तर मात्रा दुप्पट करावी. तपासनीस गुरुवारी येणार होता. मी म्हटलं, "लानताई, कागद बरोबर आहे. उगाच फाटे फोडू नका." आणि मी दुप्पट मात्रेवर सही केली.

पाचव्या दिवशी सकाळी वेन आजी बागेत पडल्या. शिडीवरून नाही. सपाट जमिनीवर, उभ्या जागी. खुब्याचं हाड मोडलं.

वॉर्डात लानताई त्यांच्याजवळ बसल्या होत्या. मी दारात उभा होतो. आजींनी सगळं सांगितलं, ते मला नंतर लानताईंकडून कळलं. पहिल्या बाटलीपासूनच त्यांना चक्कर येत होती. म्हणून त्या एक दिवसाआड गोळी घ्यायच्या आणि उरलेल्या बाजूला ठेवायच्या. चार आठवडे झाले की बाटलीत सात ठेवून बाकीच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायच्या. दुप्पट मात्रेची नवी बाटली मिळाल्यावर वाटलं, ही नवी आहे, ही तरी मानवेल. म्हणून रोज घेतली.

लानताई म्हणाल्या, "आजी, चक्कर येते एवढं मला सांगायचं होतंत. गोळी अर्धी केली असती. एका ओळीचं काम होतं."

आजी म्हणाल्या, "तुला कशाला त्रास? आधीच तुला किती बोलतात." आणि मग विचारलं, "या खेपेला तर नाही ना बोलले?"

मित्रहो, आपल्याकडची जुनी माणसं दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून काय काय गिळतात, हे इथल्या प्रत्येकाला आपल्या घरावरून माहीत आहे. ते चाचणीच्या कागदावर कुठे लिहायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही.

त्यांच्या मुलानं तो डबा आणून दिला. लानताईंनी गोळ्या ट्रेमध्ये ओतल्या आणि पट्टीनं मोजल्या. पाच, दहा, पंधरा. एकेचाळीस भरल्या. त्यांनी आकडा लिहिला. गोळ्या औषधभांडारात जमा झाल्या. रिकामा डबा त्या परत देऊ लागल्या तेव्हा मुलगा म्हणाला, "तुम्हीच ठेवा. आईनं तो तुमच्यासाठीच भरला होता."

सातव्या आठवड्यात न्यूमोनियानं वेन आजी गेल्या.

अहवाल मी लिहिला. 'रुग्णाने सूचनांचे पालन केले नाही व लक्षणे लपवली.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता. लानताईंनी तो वाचला आणि परत माझ्यापुढे ठेवला. "हे त्यांच्याबद्दल झालं. आपल्याबद्दलचं वाक्य कुठे आहे?"

मी म्हटलं, "असलं काही अहवालात लिहीत नाहीत."

त्यांनी स्वतंत्र पान लिहिलं. बाकावर बसलेल्या आजींसमोर मी काय बोललो ते, त्या स्वतः काय बोलल्या ते, आणि तीनदा सात आल्यावर मी काय उत्तर दिलं ते. खाली सही केली आणि माझ्या सहीसाठी जागा सोडली. ते पान तीन दिवस माझ्या टेबलावर होतं. चौथ्या दिवशी मी सही केली. आपल्याकडची ती चाचणी बंद झाली. मला समज मिळाली. लानताईंनाही मिळाली. ती त्यांना मिळायला नको होती.

त्यानंतरच्या लानताई आपल्याला ठाऊक आहेत. त्यांनी स्वतःचा नंबर बदलला आणि कुणाला दिला नाही. पाचनंतर विभागाचा फोन ड्युटीवरच्या डॉक्टरकडे जायचा. रविवारची स्कूटर बंद झाली. फळं, चहा, सणाची पाकिटं, सगळं दारातून परत. आणि प्रत्येक नव्या रुग्णाला संमतीपत्राआधी त्या सांगायच्या, "मी तुमची मुलगी नाही. तुमची नोंद ठेवणारी बाई आहे. मला वाईट वाटेल म्हणून काही लपवू नका. मला वाईट वाटणार नाही."

तक्रारपेटीत चिठ्ठ्या यायच्या. 'ती बाई दगड आहे.' कॅन्टीनमध्ये आपण काय म्हणायचो? "हळू बोला, पाच वाजले, दगडी दरवाजा बंद झाला." मीही हसायचो. आणि ही दगडी बाई, तुम्ही पाहिलं असेल, यंत्र बिघडू नये म्हणून प्रिंटरवर ठेवायचं खाऊचं हिरवं पाकीट तारीख उलटण्याआधी न चुकता बदलायची. मी एकदा म्हटलं, "तुमचा यावर विश्वास आहे?" म्हणाल्या, "विश्वास नाही. पण यंत्राकडून काही हवं असेल तरी आपण आधी त्याला खाऊ देतो. माणसाकडून नुसतंच मागतो."

मागच्या वर्षी कंपनीनं लिहिलं, तुमच्या केंद्रातले रुग्ण इतरांपेक्षा जास्त तक्रारी करतात. डोकं दुखतं, पाय सुजतात, झोप येत नाही. मी ते पत्र नाराजीनं लानताईंकडे नेलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "याची एक प्रत मला मिळेल?" त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

त्यांना वाईट वाटत नव्हतं का? हे मी आज त्यांच्यासमोर विचारणार नाही. एवढंच सांगतो. तो बिस्किटांचा डबा दहा वर्षं त्यांच्या टेबलावर होता. त्यात पेनं असायची. एका माणसानं रोज त्या डब्यातून पेन काढून दुसऱ्याच्या चकरा आणि उलट्या लिहून ठेवायच्या, आणि पाच वाजता उठून घरी जायचं. त्याला किती बळ लागत असेल, हे मला 'पुरे' वाचल्यावर कळलं. त्यांनी आपल्या कामाला सीमा घातली. ती सीमा राखायला आपण कुणीही दुसऱ्या बाजूनं हात लावला नाही. दहा वर्षं त्या एकट्याच धरून उभ्या होत्या.

अध्यक्षमहाराज, आता आपल्याशी थोडं. हृदयविकाराची जी नवी चाचणी येते आहे, तिच्यासाठी आपण माझ्याकडे पंधरा रुग्ण मागितले आहेत. मी म्हटलं होतं, बघतो. काल सकाळी माझ्या टेबलावर तो डबा ठेवलेला होता. पेनं काढून घेतली होती. आत एक चिठ्ठी होती. तिच्यावर आठ लिहिलेलं होतं.

मी काल दुपारी कंपनीला आठ कळवले. आपल्याला विचारलं नाही. आपण मला उद्या बोलवाल. मी येईन. आकडा आठच राहील.

लानताई, मला हे अकरा वर्षांपूर्वी करता आलं असतं. तेव्हाही चिठ्ठी माझ्या हातात होती.

आयोजकांचे, अध्यक्षांचे आणि आपण शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपल्या सर्वांचे आभार मानतो. भाषणाच्या शेवटी बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा मागायची असते. माझ्या आजच्या बोलण्याबद्दल मला क्षमा नको. जे त्या दिवशी बाकासमोर बोललो, त्याबद्दल मागायची आहे. जिच्याकडे मागायची ती माझी भाषा जाणत नव्हती, असं मी समजत होतो. तिची बोली मी अजून शिकलेलो नाही.

पाच पंधरा झाले आहेत. लानताई, पर्स घ्या. टाळ्या आम्ही तुम्ही गेल्यावर वाजवू. तुमची बस चुकता कामा नये.